कडी

घराच्या हद्दीचा माझा वाद पुकारला जायची वाट बघत मी उच्च न्यायालयात बसलो होतो. चोपदाराने खुर्च्या मागे ओढल्या आणि दोन न्यायमूर्ती बसले. एवढ्या थाटात मी स्वतःच्या लग्नातही बसलो नव्हतो. बलात्काराच्या शिक्षेवरचं अपील सुरू झालं. आरोपीचे वकील मुलीची जुनी साक्ष वाचू लागले.

"एकदा म्हणते दार लोटलं, एकदा म्हणते कडी लावली. हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

माझ्या शेजारी बाकावर बसलेल्या मुलीचा हात वर गेला. तिच्या मावशीने तो खाली ओढला. "गप गं, शाळा आहे का ही?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सुटला तर समोरच्याच घरात येतोय मेला."

वकिलांचा प्रश्न ऐकून मीच घाबरलो. परवाची भाजी कुठली होती, याचीही मी दोन उत्तरं देईन.

"आधी लोटलं, मग कडी लावली," मुलगी पुटपुटली. "काका, मला कधी बोलावतील?"

अपिलात साक्षीदाराला बोलावत नाहीत. खालच्या कोर्टात लिहिलेलं तेवढं वाचतात. हे तिला सांगायचं सोडून मी माझ्या फाईलची नाडी सोडून पुन्हा बांधली. समोर न्यायमूर्तींनी पान उलटलं. मुलगी ओढणी सारखी करून, नाव पुकारताच उठता येईल अशी बाकाच्या कडेला बसली.