ओहोटीत अडकलेले देवमासे

मी मूळची नागपूरची. समुद्राशी माझा संबंध सुट्टीपुरता. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या ऑफिसात माझ्या शेजारी पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरची एक मुलगी बसायची. तिचे आजोबा होडीतून देवमाशांची शिकार करायचे. मग त्यांच्या राजाने शिकारीवर बंदी घातली.

"आजोबा फार चिडले होते," ती एकदा लंचला म्हणाली. "मुलांना काय खायला घालू, म्हणायचे. पण पुन्हा भाला उचलला नाही."

आता तिचा भाऊ त्याच पाण्यात पर्यटकांना देवमासे दाखवायला नेतो.

दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही दोघी वीकेंडला पश्चिमेकडच्या एका बेटावर गेलो होतो. सकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरगुती लॉजच्या मालकीणबाई टोस्ट ठेवता ठेवता म्हणाल्या, "खालच्या बीचवर देवमासे आलेत. जिवंत आहेत. माणसं हवीयत."

आम्ही पोचलो तेव्हा पाणी मागे हटलं होतं. पायलट व्हेल जातीचे अकरा देवमासे वाळूवर एकमेकांना खेटून पडले होते, काळेभोर, काही तर मोटारीपेक्षा लांब. ते बारीक शिट्ट्या मारत होते. 

बचाव पथकातल्या व्हेटबाईंनी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनी, बादली आणि चादरी दिल्या. "अंग ओलं ठेवा. डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका. शेपटीजवळ उभं राहू नका."

आमच्या वाट्याला एक मोठी मादी आली. मी पाणी आणत होते, मैत्रीण तिच्या डोळ्याजवळ गुडघे टेकून टोंगन भाषेत काहीतरी पुटपुटत होती.

"काय सांगतेयस तिला?"

"दुपारी भरती आहे. तोवर दम धर म्हणतेय."

अकराच्या सुमारास व्हेटबाईंनी मादीला तपासलं. "हिचं वजन हिच्याच फुफ्फुसांवर येतंय. ही नाही टिकणार. हिला इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ देऊया."

"एक तास द्या," मैत्रीण म्हणाली.

"तो तास तिला फक्त त्रासाचा जाईल."

मैत्रिणीने मादीच्या पाठीवरची ओली चादर सारखी केली. मग उठून बाजूला झाली. मी तिचा हात धरला. आमचे दोघींचेही हात गारठून बधिर झाले होते.

भरतीला तीनच जिवंत उरले होते. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांना ढकललं. दोघे खोल पाण्यात गेले. तिसरा पुन्हा पुन्हा मेलेल्यांकडे वळत राहिला. चार वेळा आम्ही तोंड समुद्राकडे फिरवलं त्याचं. पाचव्यांदा त्याच्यात त्राण उरलं नव्हतं.

परतीच्या फेरीबोटीत ती एवढंच बोलली, "आमच्याकडे आता कोणी मारत नाही. पण पिल्लं असलेल्या माद्यांमागे होड्या पळवतात. माझा भाऊसुद्धा."

पुढच्या वसंतात तिने नोकरी सोडली आणि मायदेशी गेली. होडीवाल्यांशी बोलायचं, देवमाशांपासून ठेवायच्या अंतराचे नियम समजावायचे, हे काम धरलं. भावाने काही महिने अबोला धरला. आता तो माद्यांपासून लांबच इंजिन बंद करतो, असं तिने फोनवर सांगितलं.

मी इथे बचावाचं ट्रेनिंग घेतलं. थंडगार पाण्यात सरावासाठीचा रबरी देवमासा उचलायला शिकले. गेल्या हिवाळ्यात पहिला कॉल आला. दोन तास गाडी चालवून पोचले, तर डॉल्फिनसारखं दिसणारं एक छोटं पॉरपॉइज, कधीच मेलेलं. मी त्याची लांबी मोजली, फोटो काढले, फॉर्म भरला आणि पाऊस थांबेपर्यंत गाडीत बसून राहिले.