दारू न पिणाऱ्याची शपथ

दौंड तालुक्यात समुपदेशक म्हणून काम करताना माझं डोकं सगळ्यात जास्त उठतं ते भावकीच्या बैठकीत. शिरूरच्या प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की, बायकोला मारणारे सगळे पुरुष एका साच्यातले नसतात. कुणी गावभर मारामाऱ्या करतो, कुणी संशयानं पेटतो, तर कुणी बाहेर गरीब गाय आणि उंबऱ्याच्या आत वाघ. सगळ्यांना एकच औषध लावू नका. बैठकीतल्या आबा-आप्पांना मात्र एकच प्रकार माहीत, दारुडा. आणि औषधही एकच, खंडोबाचा भंडारा उचलून दारू सोडायची शपथ.

मांडवगण फराटा गावचा एक जावई बायकोला न्यायला तिच्या माहेरी, राहू गावात आला होता. मारानं तिला एका कानानं नीट ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी तिला परत पाठवायचं की नाही, हे ठरणार होतं. जावई सगळ्यांच्या पाया पडला. कुणी चहा दिला तर म्हणाला, "मी चहासुदिक घेत न्हाई." म्हातारे खूश. मी बोलायला गेले की आपलं, "मॅडम, थांबा जरा."

तिच्या चुलत्यांनी भंडाऱ्याचं ताट पुढं केलं. "उचला, आन् म्हणा, आजपासनं दारूला शिवणार न्हाई."

त्यानं चटकन उचलला. का नाही उचलणार? आत तिची आई पिशवी भरायला लागली. मला ते ताट भिरकावून द्यावंसं वाटलं.

"अहो आप्पा, ते पीतच नाहीत," मी म्हटलं.

"मग चांगलंच हाय की. शपथ मोडायचं भ्याव न्हाई."

तेवढ्यात त्याची बायको दारातून पुढं आली.

"आप्पा, ह्ये शुद्धीत मारत्यात. आधी दाराची कडी लावत्यात. मग टीव्हीचा आवाज वाढवत्यात."

जावई खाली बघत होता. चुलत्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं. "मग ह्यांना शपथ घालायची तरी कशाची?"

मी तोंड उघडायच्या आत तिनं ताटातला भंडारा मुठीत घेतला.

"त्यांना नगं. मीच उचलते. त्या घरात मी परत जाणार न्हाई."

भंडारा उचलून दिलेला शब्द मोड, असं म्हणायची त्या बैठकीत कुणाची छाती झाली नाही. आईनं पिशवीतल्या साड्या बाहेर काढल्या.