मिस्त्रीचं पिवळं कार्ड

गोल्फ क्लबात गाड्या लावायच्या जागेच्या मागे, गवत कापायच्या यंत्रांच्या शेडला लागून, दहा बाय बारा फुटांची एक खोली आहे. आत एक लांब टेबल, दोन शिकंजे, काठ्यांची डोकी वाकवायचं एक यंत्र, कोन मोजायचा गेज आणि भिंतीवर लहानमोठ्या क्रमाने टांगलेल्या अकरा कानशी. या खोलीत मिस्त्री बावीस वर्षं बसतो. त्याआधी तो एका कारखान्यात टर्नर होता. कारखाना बंद पडला, तेव्हा तो क्लबात आला तो गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायला. एकदा कुणाच्या तरी काठीचं डोकं निघालं, ते त्याने बसवून दिलं, आणि मग डोकी निघालेल्या काठ्यांची रांगच लागली.

तो स्वतः खेळत नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणतो, "न्हाव्याने स्वतःचे केस कापायचे नसतात."

खोलीबाहेर एक बाकडं आहे. ते क्लबाच्या मालकीचं असलं तरी दर शनिवारी सकाळी नऊ ते साडेदहा त्यावर तिघांचा हक्क असतो: जहाजावरून निवृत्त झालेले कप्तान, दातांचे डॉक्टर आणि वकीलबाई. खेळ संपवून तिघं चहाचे पेले घेऊन येतात आणि वाद घालतात. विषय वर्षानुवर्षं एकच, आजवरच्या खेळाडूंत चेंडू सगळ्यांत शुद्ध कुणी मारला? जिंकलं कुणी, हा प्रश्न त्यांना फालतू वाटतो. लोखंड चेंडूला नेमकं कुणाचं लागायचं, एवढंच.

कप्तानांचा माणूस पांढऱ्या टोपीतला, त्यांच्या बापाच्या पिढीतला. "त्याचा फटका म्हणजे भक्कम दार बंद व्हावं तसा आवाज," ते म्हणतात.

"तुम्ही ऐकलाय?" डॉक्टर विचारतात.

"फिल्म पाहिलीय."

"मुकी फिल्म! मुक्या फिल्मचा आवाज ऐकणारा हा एकमेव माणूस." डॉक्टरांचा खेळाडू आजचा, डावखुरा. रडारच्या यंत्राने मोजलेले त्याचे आकडे डॉक्टरांच्या फोनमध्ये असतात. वकीलबाईंची खेळाडू एक ठेंगणी बाई. तिने म्हणे एका आख्ख्या मोसमात चेंडू झाडीत घालवला नव्हता. "तुमच्या दोघांचा मिळून एका सकाळी जातो तेवढाही नाही," असं त्या वर जोडतात.

शेवटी आतल्या मिस्त्रीला न्यायाधीश करतात. मिस्त्री हात पुसत बाहेर येतो आणि दर वेळी तेच सांगतो. "मला माणसं नाही ओळखता येत. लोखंड दाखवा, सांगतो."

त्यात थट्टा नव्हती. लोखंडी काठीच्या तोंडावर चेंडू जिथे लागत जातो, तिथे वर्षांनी झीज दिसते. डॉक्टरांच्या संचावर ती टोकाकडे पसरलेली होती, भिंतीवरच्या ओलीसारखी. वकीलबाईंची टाचेकडे, म्हणजे दांडा जोडलेल्या बाजूला होती, पण जागा सोडत नव्हती. कप्तानांच्या एकतीस वर्षं जुन्या, पात्यासारख्या पातळ संचावर प्रत्येक काठीच्या बरोबर मध्यावर नाण्याएवढा एक फिका गोल होता. मिस्त्रीने त्या संचाच्या मुठी अकरा वेळा बदलल्या होत्या. त्या गोलाबद्दल त्याने कप्तानांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत असणार, असं त्याने धरून चाललं होतं.

कप्तानांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी इथून बिघडली.

आठव्या खड्ड्याच्या आधी एक तळं आहे. चेंडू ठेवायच्या जागेपासून पलीकडच्या काठापर्यंत एकशे पस्तीस यार्ड. लोखंडी काठ्यांना नंबर असतात. नंबर लहान तसं तोंड उभं आणि चेंडू लांब. नंबर मोठा तसं तोंड मागे कललेलं, चेंडू उंच आणि जवळ. कप्तान ते तळं कायम सात नंबरने पार करत. पंधरा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या सभासदाचे लागोपाठ चार चेंडू पाण्यात गेले, तेव्हा याच बाकड्यावर कप्तान म्हणाले होते, "ज्या दिवशी सात नंबरने तळं होणार नाही, त्या दिवशी मी बॅग खाली ठेवणार. हसं करून घेणार नाही."

दुसरा कुणी असं म्हणाला असता तर कुणी लक्षात ठेवलं नसतं. पण कप्तानांनी सिगारेट सोडली ती आधी जाहीर केलेल्या तारखेला. सत्तर पुरे झाले त्या सकाळी गाडीची किल्ली सुनेच्या हातात दिली, कारण तसं म्हणाले होते. ऑपरेशननंतर त्यांचा सात नंबर एकशे पंचवीसच्या पुढे जाईना. पहिल्या शनिवारी चेंडू पाण्यात गेला. ते म्हणाले, वारा होता. दुसऱ्या शनिवारी झाडाचं पानही हलत नव्हतं, तरी चेंडू पाण्यातच.

त्या बुधवारी ते मिस्त्रीच्या खोलीत आले ते नवा कोरा संच घेऊन. जाड तळाच्या, मागून पोकळ काठ्या.

"दुकानात मारून पाहिला," ते म्हणाले. चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता. "सात नंबर, एकशे त्रेचाळीस! तीन वेळा, मिस्त्री. खांदा बरा झाला. मीच उगाच घाबरलो होतो."

"वा," मिस्त्री म्हणाला.

"मुठी जरा जाड करा. आणि तुमचं ते कार्ड. शुक्रवारी नेतो."

कार्ड ही मिस्त्रीची पद्धत होती. हातून गेलेल्या प्रत्येक संचाचा प्रत्येक कोन तो मोजायचा आणि पिवळ्या जाड कागदावर पेन्सिलीने दोन रकाने लिहायचा, काठीवरचा नंबर आणि मोजलेले अंश. ते कार्ड बॅगेच्या खिशात जायचं. एखादा वाचायचा, बहुतेक वाचत नसत. कारखान्यात त्याला एकच गोष्ट शिकवली होती, माप घ्यायचं आणि घेतलं तेच लिहायचं.

कप्तान गेल्यावर त्याने नवा सात नंबर गेजला लावला. एकोणतीस अंश. शंका नको म्हणून काढून पुन्हा लावला. एकोणतीसच. मग कपाटातलं कप्तानांचं जुनं कार्ड काढलं. जुना सात नंबर छत्तीस अंश. जुन्या संचात एकोणतीसच्या जवळ जाणारी काठी होती पाच नंबरची.

यात दुकानदाराने काही फसवलं नव्हतं. हल्ली असे संच असेच बनतात. चेंडू लांब जावा म्हणून तोंड उभं करतात आणि नंबर तोच ठेवतात. पण कप्तानांचा खांदा होता तिथेच होता. त्यांनी पाच नंबर मारला होता आणि त्यावर सात लिहिलं होतं.

गुरुवारी डॉक्टर एकटेच आले. इकडचं तिकडचं बोलले, एक कानस उचलून पाहिली, चुकीच्या खिळ्यावर टांगली. मिस्त्रीने ती काढून जागेवर लावली.

"मिस्त्री, कप्तानांच्या संचाला या वेळी कार्ड नको."

"तुम्हाला कळलं तर."

"फोनवर पाहिलं. कंपनीने कोन लिहिलेत." डॉक्टर खुर्चीवर बसले. "त्यांची सून माझ्याकडे दात दाखवायला येते. सांगत होती, बाबा आठवड्यात एकदाच दाढी करतात, शुक्रवारी. बाकीचे सहा दिवस पेपर वाचतात. हा माणूस शनिवारी आला नाही, तर मी त्या वकीलबाईंशी एकटा भांडू? मला खाऊन टाकतील त्या."

"आणि त्यांनी कार्ड मागितलं तर?"

"विसरलो म्हणा."

"बावीस वर्षांत विसरलो नाही."

"मग आता वय झालं म्हणा!"

मिस्त्री हसला, पण हो म्हणाला नाही.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती घरी शिवणकाम करते, मुख्यत्वे जुने कपडे सैल करून देते. तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"अहो, माझ्याकडे अशा रोज येतात. चौतीसची पँट चाळीसला बसवून हवी. मी उसवते, कापड घालते आणि आतला नंबराचा टॅग कापून टाकते. न सांगता."

"ते खोटंच झालं."

"खोटं कसं? पँट बसते ना? टॅग काय पायात घालायचाय?"

"अगं, पण त्यांनी विचारलं, नंबर काय, तर?"

"आजपर्यंत एकीनेही विचारलेलं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. म्हणजे विषय संपला.

मिस्त्रीचा संपला नाही. कप्तान विचारणाऱ्यांतले होते. शुक्रवारी सकाळी त्याने मुठी चढवल्या, मग काठ्या वाकवायच्या यंत्राकडे पाहिलं. सात अंश वाकवायचं तर हे ओतीव लोखंड मानेत तडकलं असतं. फार तर दोन अंश. आणि वाकवून तरी काय, चेंडू पुन्हा पाण्यातच. अखेर तो टेबलाशी बसला, पेन्सिलीला टोक केलं आणि कार्ड लिहिलं. सात, एकोणतीस. शेजारी, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. तिसरा रकाना आखला आणि जुन्या संचाचे कोन लिहिले. सांगायचं तर अर्धवट कशाला.

कप्तान अकराला आले. गुळगुळीत दाढी. मिस्त्रीने बॅगेच्या खिशात काही ठेवलं नाही, कार्ड सरळ हातात दिलं.

कप्तानांनी चष्मा लावला. बोटाने एक एक ओळ खाली आले. सातपाशी बोट थांबलं, तिसऱ्या रकान्यात गेलं, वर पाचपर्यंत चढलं, पुन्हा खाली आलं. मिस्त्री उगाच टेबल पुसत राहिला.

"हे मी दुकानात मारलं तेच?"

"तेच."

"म्हणजे खांदा बरा झालेला नाही."

"ते मला मोजता येत नाही, साहेब. मी लोखंड मोजतो."

कप्तान बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. दहा मिनिटं तरी बसले असतील. गवताचं यंत्र एक चक्कर मारून गेलं. मिस्त्रीने दारातून दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. मिस्त्री फडकं टाकून उंबऱ्यापर्यंत आला. मग कळलं, ते हसताहेत.

"मिस्त्री, इकडे या. प्रत्येक जहाजावर होकायंत्रापाशी असंच कार्ड लावलेलं असतं, ठाऊक आहे? जहाजाच्या लोखंडाने सुई थोडी हटते. सुई दाखवते ती दिशा एका रकान्यात, खरी दिशा दुसऱ्यात. चौतीस वर्षं मी रोज ते कार्ड वाचून जहाज चालवलं. सुईचा शब्द मानला असता तर खडकावर गेलो असतो." ते थांबले. "आणि इथे पंधरा वर्षं एका आकड्याला शब्द देऊन बसलो. तोही दुसऱ्याने कोरलेल्या."

"आकडा पुसून टाकू?" मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं. बायकोचा टॅग डोक्यात होता.

कप्तानांनी वर पाहिलं. "नुसता पुसू नका. खरा घाला. मला अंश कळतात."

काम दुपारभर चाललं. तळावर कोरलेले नंबर घासले असते तर तळाचा आकार बिघडला असता, म्हणून मिस्त्रीने खाचा काळ्या लुकणाने भरून सपाट केल्या. मग कोरायच्या छोट्या यंत्राने मानेवर अंश घातले, कार्डावर होते तेच. एकोणतीस कोरताना त्याने चष्मा दोनदा पुसला. कप्तान स्टुलावर बसून एक एक काठी हातात घेत, आकडा मोठ्याने वाचत आणि बॅगेत ठेवत.

शनिवारी नऊला तिघं आले. डॉक्टर लांबूनच ओरडत होते.

"मिस्त्री, तळं पार! काठाच्या सहा पावलं पलीकडे! आता यांना विचारा, कशाने मारलं."

"एकोणतीसने," कप्तान म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

"एकोणतीस नंबर असतो कुठे? सरळ सांगा ना, नवा सात आहे, म्हणजे जुना पाच. म्हणजे शब्द मोडला."

"तूच ना मिस्त्रीला कार्ड देऊ नका म्हणालास?"

डॉक्टरांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने मान हलवली. त्याने सांगितलं नव्हतं.

"गुरुवारी तू एकटाच इथे आलास आणि कानस चुकीच्या खिळ्यावर टांगलीस, असं शेजारच्या शेडमधला गवत कापणारा सांगत होता," कप्तान म्हणाले. "बाकी मी ओळखलं."

वकीलबाईंनी पेला खाली ठेवला. "प्रतिज्ञेचे शब्द काय होते? सात नंबरने तळं होणार नाही त्या दिवशी. यांच्या बॅगेत सात नंबर आहे?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "मी स्वतः लुकणाने बुजवलाय."

"मग जी वस्तूच नाही तिने तळं झालं की नाही, हे ठरणार कसं? अर्ज फेटाळला."

"पण गेले दोन शनिवार? तेव्हा तर होता!"

"म्हणून तर ती बॅग खाली ठेवली," कप्तान म्हणाले. "मिस्त्रीच्या कपाटात आहे ती. वाटल्यास बघ."

खरंच होती. जुना संच त्यांनी शुक्रवारी क्लबातल्या लॉकरमधून आणून तिथे ठेवला होता, विकू नका एवढंच सांगून. मिस्त्रीने त्यातला सात नंबर बाहेर आणला आणि फिक्या गोलाशेजारी अंगठा ठेवून तिघांसमोर धरला.

"दर शनिवारी विचारता ना, शुद्ध कोण मारतं. लोखंड दाखवा म्हणत होतो. हे बघा."

डॉक्टर आणि वकीलबाई पुढे वाकले. डॉक्टरांनी काठी हातात घेतली, उजेडाकडे तिरकी केली. कप्तान दुसरीकडे पाहत होते.

"हे तर अगदी मधोमध आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. मग भानावर आले. "पण म्हणून तुमचा पांढऱ्या टोपीवाला सगळ्यांत शुद्ध ठरत नाही हं!" आणि स्वतःची बॅग ओढून म्हणाले, "मिस्त्री, माझ्याही नंबरांच्या जागी अंश कोरा."

मिस्त्रीने त्यांचा सात नंबर पाहिला. टोकाकडची झीज आता काठापर्यंत पोचली होती.

"डॉक्टर, तुमचे नंबर राहू द्या," तो म्हणाला. "आधी चेंडू तर लागू दे."

वकीलबाईंना ठसका लागला. मिस्त्री जुना सात नंबर घेऊन आत गेला, फडक्याने पुसला आणि कपाटात परत ठेवला. बाहेर डावखुऱ्याचे आकडे वाचून दाखवायला सुरुवात झाली होती.