जंतू मारणारा पलंग

“सर्जिकल साइट इन्फेक्शन आहे,” पट्टी सोडत डॉक्टर म्हणाले. म्हणजे ऑपरेशनच्या जागेत जंतू शिरले होते. हे सांगायला डॉक्टर कशाला हवेत? पट्टी सुटताच असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला. माझ्या नवऱ्याच्या नडगीत स्टीलची प्लेट बसवली होती. पू हाडापर्यंत गेला तर प्लेट काढावी लागेल, पायाचंही सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

वडीगोद्रीजवळ यांची मोटरसायकल घसरली, म्हणून आम्ही जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात आलो होतो. पलंग नवे होते. त्यांचे कठडे अँटिमायक्रोबियल प्लास्टिकचे, म्हणजे जंतू मारणारं औषध मिसळलेले. हे हरखलेच.

“बघ, पलंगच जंतू मारून राह्यला!”

त्या कठड्यावर डाळीचे ओघळ होते आणि आधीच्या कुणाचं तरी वाळलेलं रक्त. भेटायला येणारा प्रत्येक जण तंबाखू मळलेला हात त्यावरच टेकवायचा. हे कठडा धरून कूस बदलायचे आणि खाज सुटली की तेच बोट पट्टीखाली घालायचे. शी! आठवलं तरी अंगावर काटा येतो. पुसा म्हटलं, तर वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, “ताई, याला पुसायची गरज न्हाई. आपोआप मरतेत.”

पू कल्चरला पाठवला. त्यात जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते पाहतात. रिपोर्टची वाट पाहत नुसतं बसवेना, म्हणून मी ओला फडका घेऊन कठड्यावरचा तो रक्ताचा डाग घासायला लागले. डाग हलला नाही, पण कोपऱ्यातून पापुद्रा सुटला. कारखान्यातून चिकटून आलेलं पातळ कव्हर! नव्याचं नवेपण जाऊ नये म्हणून कुणी काढलंच नव्हतं. औषधाचं प्लास्टिक आत सुखरूप आणि घाण वर.

मी ते टर्रकन ओढलं. मावशी धावल्या. “अवो ताई, काय करून राह्यलात? नवं होतं ते!”

डॉक्टरांनी पाहिलं. म्हणाले, “कव्हर काढलं तरी रोज पुसावंच लागतं. घाणीचा थर बसला की प्लास्टिकमधलं औषध जंतूंपर्यंत पोचत नाही. पण इन्फेक्शन इथूनच झालं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.” खरंच असेल ते. पण त्या क्षणी मला त्या कठड्याइतकीच त्यांचीही किळस आली.

जखम दोनदा उघडून धुतली. रोज नाक न मुरडता पट्टी बदलणाऱ्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. औषध लागू पडलं. प्लेट राहिली, पाय राहिला.

तुमचं माणूस भरती असेल, तर पलंग कसलाही असो, फडका आणि साबण घरून न्या. कुणाला राग आला तर येऊ द्या.

घरी वॉकर आणला. त्याच्या मुठींवरही तसलंच कव्हर. सासूबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, नवं दिसतंय.”

हे त्याच पायावर भार देऊन उभे राहिले, नखांनी दोन्ही मुठी सोलल्या आणि माझ्याकडे साबण मागितला.