गाऱ्हाणं घालणाऱ्याचं गाऱ्हाणं

गावात कोणाची म्हैस हरवो, कोणाच्या पोरीचं लग्न अडो, देवळात नारळ ठेवला की हाक जायची गुरुदासला. सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं, म्हणजे गाऱ्हाणं घालणं, हे त्याचंच काम. शेजारच्या म्हाताऱ्याला चार गोष्टी सुनवाव्यात तसा तो देवाला सुनवायचा, आणि मागची माणसं एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची.

पासष्टीला त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, “हा फार सावकाश वाढतोय. आत्ता ऑपरेशन नको, औषधही नको. दर सहा महिन्यांनी रक्त तपासू, लक्ष ठेवू.”

गुरुदासनं मान डोलावली आणि मनात भलतंच धरलं. त्याच्या बापालाही असंच बिनऔषधाचं घरी पाठवलं होतं, आणि महिन्याच्या आत तिरडी बांधावी लागली होती. औषध न देणारा डॉक्टर म्हणजे हात टेकलेला डॉक्टर, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बायकोला, विनीताला, त्यानं काहीच सांगितलं नाही. लावायला आणलेली आंब्याची कलमं पडवीतच सुकली. देवळातून हाक आली की त्याचे गुडघे दुखायचे.

पहिली तपासणी चांगली आली, दुसरीही. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, त्याला पटलंही. पण पटलेलं पोटात उतरेना. तारीख जवळ आली की घास गिळवत नसे. जिवंत माणसानं स्वतःचंच सुतक पाळावं, असं त्याचं चाललं होतं.

तिसऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी विनीतानं त्याला विहिरीपाशी रडताना पाहिलं. तिनं खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. तीही रडली.

“स्वताचा गाऱ्हाणा घाला मा एकदा,” ती म्हणाली.

“सगळ्यांसाठी मागलंय. माझ्यासाठी खंयच्या तोंडान मागू गो?”

विनीतानं घरातून नारळ आणला, तुळशीपुढे ठेवला, पदर सारखा केला. बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं गावात कोणी ऐकलं नव्हतं.

“बा देवा म्हाराजा,” ती चाचरत म्हणाली, “ह्यो माझो घोव जगासाठी मागता, आपल्यासाठी मागूक लाजता. तेका भिया वाटता, म्हाराजा. दुखण्याचा काय ता तू बघ, पण ता भिया तेवढा काढून घे.”

ती थांबली. होकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि मागे दुसरं कोणीच नव्हतं.

जन्मभर पुढे उभा राहिलेला गुरुदास तिच्या मागे हात जोडून उभा राहिला. त्याला जगायचं होतं, फार जगायचं होतं. ‘व्हय’ कसंबसं फुटलं, ‘म्हाराजा’ हुंदक्यात गेलं.