उघड्या दारावरची टकटक

बाई उघड्या दारावरही टकटक करायच्या. दोन बोटांच्या पेरांनी, हलकेच. मग "येऊ का?" असं विचारून थांबायच्या. थांबायच्या म्हणजे खरोखर थांबायच्या. तुम्ही-आम्हीही विचारतो, पण एक पाय आत टाकून विचारतो. बाईंचे दोन्ही पाय उत्तर मिळेपर्यंत उंबऱ्याबाहेर असत.

माझ्या करोल बागेतल्या सीटकव्हरांच्या दुकानाला तर दारच नव्हतं. शटर वर गेलं की दुकान आणि रस्ता एकच. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी एका कारागिराला मराठीतून झापत होतो. दिल्लीत मराठीतून झापण्याची एक सोय असते. समोरच्याला राग पोचतो, शब्द पोचत नाहीत. तेवढ्यात काउंटरच्या काचेवर टकटक झाली.

"येऊ का?"

"बाई, हे दुकान आहे," मी म्हणालो. "इथं विचारून कोण येतं?"

"तुम्ही कामात होतात. आणि शिव्या मिरजेकडच्या वाटल्या, म्हटलं ओळ पुरी होऊ दे."

त्यांना गाड्यांच्या सीटबेल्टची बक्कलं हवी होती. मोडकी, जुनी, कसलीही चालतील. फक्त 'कट्' असा आवाज आला पाहिजे. इतर शाळा ज्या मुलांना दारातूनच परत पाठवतात, अशा मुलांच्या एका धर्मादाय शाळेत त्या शिकवत होत्या. "मुलं त्या आवाजासाठी बोट दाबतात," त्या म्हणाल्या. "दाबता दाबता बोटात जोर येतो. मग एक दिवस चड्डीचं बटण लागतं."

मी भाव सांगितला. बाईंनी बक्कलं काउंटरवर परत ठेवली. "मग राहू दे, भाऊ. मी पुन्हा येईन." पुढच्या आठवड्यात आल्या, टकटक केली, भाव ऐकला, बक्कलं ठेवली, गेल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. शेवटी मीच वैतागून सगळी टोपली त्यांच्या पिशवीत ओतली. मला घासाघीस करून हरवणारे थोडे भेटले. घासाघीस न करता हरवणाऱ्या या एकट्याच.

मी मिरजेहून आलो तो शिलाई मशीन चालवायची विद्या घेऊन. फुटपाथवर बसून सीटकव्हरं शिवली. मग देशात गाड्यांचा पूर आला. जो तो नवी गाडी घेऊ लागला आणि गाडीआधी कव्हराचा रंग ठरवू लागला. माझं दुकान झालं, गुडगावला वर्कशॉप झालं, पुढे तिथंच फ्लॅट झाला. आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा गच्चीवरून मोहरीची शेतं दिसायची. दर हिवाळ्यात पिवळा रंग थोडा मागं सरकायचा आणि क्रेन पुढं यायच्या. यातलं एकही पाऊल मला कुणी सवलतीत दिलं नाही. प्रत्येक गोष्ट मी भांडून घेतली. एकाच गोष्टीसाठी भांडून उपयोग होत नव्हता. ती म्हणजे आमच्या लेकीची, मनूची शाळा.

मनू बोलत नाही. ऐकू येतं, कळतंही बरंच, पण शब्द नाही. तिची बसायची जागा ठरलेली: तिच्या खोलीचा उंबरा. पाठ चौकटीला आणि दोन्ही पाय दारात आडवे. आत जायचं तर पाय ओलांडल्याशिवाय इलाज नाही. बसलेल्याचे पाय ओलांडू नयेत, ओलांडले तर उलटं परतावं, असं आपल्याकडे म्हणतात. माझी बायको बिचारी दिवसभर इकडून तिकडं आणि तिकडून इकडं करायची. मी घाईत सरळ उडी मारायचो.

गुडगावातल्या नव्या शाळांना पोहायचे तलाव होते, एकीकडं तर घोडेही होते. मनूबद्दल सांगितलं की तिथल्या मॅडम हसून म्हणायच्या, "वी विल लेट यू नो." कुणी कळवलं नाही.

शेवटी मी एक सौदा केला. शेतं विकून शाळा काढलेले एक गृहस्थ होते, सगळे त्यांना चौधरीसाहेब म्हणत. त्यांच्या बसच्या सीटांचं काम माझ्याकडे होतं. मी म्हणालो, ते काम मी पदरमोड करून देतो, तुम्ही अशा मुलांसाठी एक खोली उघडा.

"कमरा तो आज ले लो, भाईसाहब," ते म्हणाले. "टीचर कहाँ से लाओगे? दो रखी थीं, दोनों भाग गईं."

"टीचर मैं लाऊँगा."

तोंडातून निघून गेलं. बाई सोडून असली दुसरी कुठलीही शिक्षिका मला माहीत नव्हती.

मी त्यांच्या धर्मादाय शाळेत खेटे घातले. पगार दुप्पट सांगितला, घरापर्यंत गाडी सांगितली. बाई ऐकून घेत आणि म्हणत, "आणि इथली मुलं?" मग मी मनूबद्दल सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. धंद्यात आपली गरज आधी दाखवायची नसते.

"मग मला नका विचारू," बाई म्हणाल्या. "आधी तिला विचारते."

रविवारी त्या बस बदलत बदलत गुडगावला आल्या. मनू उंबऱ्यावर, पाय आडवे. बाईंनी उघड्या दारावर टकटक केली. "मनू, येऊ का?"

मनूनं वरही पाहिलं नाही. बाई उभ्या. चहा निवला. पंखा गेला, सोसायटीचा जनरेटर सुरू झाला, पंखा परत आला. बाई उभ्याच.

"अहो बाई, ती बोलत नाही," मी शेवटी म्हणालो. "जा की ओलांडून."

"तुम्ही थांबा, भाऊ."

आणि मग मनूनं एक पाय जवळ ओढून घेतला. जेमतेम एक पाऊल मावेल एवढी जागा झाली.

"म्हणाली," बाई म्हणाल्या.

"काय म्हणाली?"

"ये म्हणाली." आणि त्या आत गेल्या. स्वयंपाकघराच्या दारातून माझी बायको हे बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

त्याच आठवड्यात बाईंनी चौधरीसाहेबांपुढं दोन अटी ठेवल्या. पगाराचा शब्दही काढला नाही, तो मला मध्ये घालावा लागला. पहिली अट: त्यांच्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस टकटक करून थांबेल. दुसरी अट: त्यांना अरेंजमेंटला पाठवायचं नाही. शाळेत एखादी शिक्षिका आली नाही की तिच्या वर्गावर दुसऱ्या कुणाला तरी पाठवतात, त्याला अरेंजमेंट म्हणतात. ज्या खोलीत पाच-सहाच मुलं, त्या खोलीची बाई सगळ्यांना रिकामीच वाटते.

"मालिक भी खटखटाएगा?" चौधरीसाहेबांनी मला विचारलं.

"मालिक सबसे पहले," बाई म्हणाल्या.

ते मोठ्यानं हसले आणि हो म्हणाले. आधीच्या दोघी का पळाल्या हे त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

ते दिवस चांगले गेले. खोलीत माझ्याच दुकानातली रेक्झिनचे तुकडे, बक्कलं, हॉर्नची बटणं. 'कट् कट्' आवाज व्हरांड्यापर्यंत यायचा. बाईंनी कुणालाच 'बोल' म्हटलं नाही. "बोलायला लावायचं नसतं," त्या म्हणायच्या. "विचारायचं असतं. आपण विचारतच नाही, मग ते सांगतील कुणाला?"

एका संध्याकाळी माझी बायको कणीक मळत होती. स्वयंपाकघराच्या दारावर टकटक झाली. मागं वळून पाहते तर मनू, दोन बोटांची पेरं चौकटीला टेकलेली, दोन्ही पाय बाहेर. बायकोनं कणकेच्या हातांनीच कपाळ पुसलं. "ये गं, ये गं माझी बाय," ती म्हणत राहिली. मनू आत आली, डबा उघडला, शेंगदाणे घेतले आणि गेली. आमच्या घरात पहिल्यांदा मनूनं काही विचारलं होतं.

म्हणजे बघा, मला काय राखायचं होतं ते.

पुढं शाळा वाढली आणि चौधरीसाहेबांची कबुली आटली. पाचवीची टीचर आली नाही, चपरासी बाईंच्या दारात. "मॅडम, अरेंजमेंट." बाई एकदा गेल्या, अडलं होतं म्हणून. मग ते नेहमीचंच झालं. त्या परत येत तेव्हा आयाबाईनं दार बंद करून घेतलेलं असायचं आणि आत एखादं मूल भिंतीला डोकं आपटत असायचं. रस्त्यापलीकडं एक नवी, परदेशी नावाची शाळा झाली होती. तिची गाडी सुट्टीच्या वेळी आमच्या शाळेच्या गेटाशी दिसू लागली. मला ती गाडी कुणासाठी उभी आहे ते समजत होतं.

"भाऊ, तुम्ही सौदा केला होता ना?" बाई एवढंच म्हणाल्या.

मी चौधरीसाहेबांच्या खोलीत गेलो आणि असा ओरडलो की खाली बसचे ड्रायव्हर गोळा झाले. टकटक केली नव्हती, हे खरं. पण नुसतं ओरडून माणूस टिकत नाही, हे मला धंद्यानं शिकवलंय. माझा सगळ्यात चांगला कटर मला सोडून निघाला होता, तेव्हा मी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली, त्याला मुकादम केलं, खुर्ची आणि पंखा दिला. तो आजही माझ्याकडं आहे. कारागीर असाच राखतात.

तसंच केलं. भांडून भांडून बाईंना कोऑर्डिनेटर करून घेतलं. कोऑर्डिनेटरला अरेंजमेंट लागत नाही. पहिल्या मजल्यावर ऑफिसशेजारी केबिन, एसी, पितळी पाटी. खुर्चीला मी स्वतः निवडलेलं चामडं, शिवण माझ्या हातची. दाराला आरपार काच. खालच्या खोलीत दोन नव्या मुली नेमल्या, नुकत्याच शिकून आलेल्या. चौधरीसाहेब खूश; ॲडमिशनला आलेल्या आईबापांना आता ते पाटी दाखवू शकत होते.

बाईंनी केबिन बघितली. खुर्चीवर हात फिरवला. "शिवण सुरेख आहे हो," म्हणाल्या. मग, "मुलं कुठं?"

"मुलं खाली. तुम्ही आता वरून लक्ष ठेवायचं."

"वरून काय दिसतं, भाऊ?"

"थोडे दिवस बसून तर बघा."

बसल्या. माझ्या शब्दाखातर बसल्या, हे मी नाकारत नाही.

एक दिवस मनू जिना चढून वर गेली. आत नवे आईबाप बसले होते, चौधरीसाहेब त्यांना माहिती देत होते. मनूनं काचेवर टकटक केली आणि थांबली. बाई खुर्चीतून उठल्या. त्या दारापर्यंत पोचायच्या आत चपराशानं मनूचा दंड धरला. "मॅडम मीटिंग में हैं. चलो, नीचे चलो." आणि तो तिला घेऊन गेला. मला हे त्यानंच सांगितलं, चांगलं काम केल्यासारखं. मनू रडली नाही, म्हणाला. नुसती त्या काचेकडं वळून वळून बघत होती.

बाईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

मी तडक करोल बागेत त्यांच्या खोलीवर गेलो. जे तोंडाला आलं ते बोललो. तुमच्यासाठी मी कुणाकुणाशी भांडलो, माझ्या हातानं खुर्ची शिवली, आणि तुम्ही! त्या दुसऱ्या शाळेनं काय कबूल केलंय ते तरी सांगा!

"मी दुसरीकडं जात नाहीये," त्या म्हणाल्या. "मी केबिन मागितली होती का, भाऊ?"

"मग खाली बसा परत! मी आत्ता बोलतो त्यांच्याशी."

"आता ते देतील तरी मला? त्यांना पाटी हवीय. मी खाली गेले की परत अरेंजमेंट." मग हळूच म्हणाल्या, "मनूनं विचारलं आणि माझ्या दारातून तिला ओढून नेलं. तिला मी काय सांगू, परत विचार म्हणून?"

मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. माणसाला जास्त दिलं म्हणून तो जातो, असा हिशेब कुठल्या बाजारात बसतो? तुम्हीच सांगा.

निरोपाला त्या घरी आल्या. मनू उंबऱ्यावर, पाय आडवे. बाईंनी उघड्या दारावर टकटक केली. या वेळी म्हणाल्या, "मनू, जाऊ का?"

आणि थांबल्या.

मनूनं वर पाहिलं नाही. मला आतून आनंदाची उकळी फुटली. माझीच लेक आहे ती! उत्तर दिल्याशिवाय बाई हलायच्या नाहीत, हे तिला माहीत होतं, मलाही. मी बायकोला डोळ्यानं खुणावलं, चहा टाक. दुसऱ्यांदा टाक. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, विरलं. खालचे दिवे लागले. बाई उभ्याच होत्या, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"बघा," मी म्हणालो, "नाही म्हणतेय ती."

बाईंचे डोळे मनूच्या पायांवर होते.

बऱ्याच वेळानं मनूनं एक पाय जवळ ओढला. मग दुसराही. गुडघ्यांना मिठी मारून बसली. दार पूर्ण मोकळं झालं.

"म्हणाली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही.

"अहो, मुंग्या आल्या असतील पायाला!" मी ओरडलो. "इतका वेळ बसल्यावर कुणीही पाय आखडेल. याला हो म्हणतात का?"

बाईंनी मनूच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या बायकोला नमस्कार केला आणि गेल्या. माझं अजून तेच म्हणणं आहे. ते हो नव्हतं. मुंग्याच होत्या.

पलीकडच्या शाळेत मी चौकशी केली, तिथं त्या नव्हत्या. त्यांची जुनी धर्मादाय शाळा तोवर बंद पडली होती. जागेच्या मालकानं तिथं टाइल्सची शोरूम घातली. करोल बागेतली खोलीही त्यांनी सोडली. कुणी अमरावती म्हणतं, कुणी नाशिक. दुकानात एका टोपलीत मोडकी बक्कलं साठत राहतात. भंगारवाला मागतो, मी देत नाही.

चौधरीसाहेबांच्या त्या खोलीत नंतर बऱ्याच जणी आल्या आणि गेल्या. मनू आता घरी टकटक करत नाही. शाळेत ती खोलीच्या दारात बसते, पाठ चौकटीला, पाय आडवे. नवी शिक्षिका यायची असली की मी कामं टाकून जातो आणि व्हरांड्यात खांबाशी उभा राहतो. मुली चांगल्या असतात. शिकलेल्या, हसऱ्या, मायाळूसुद्धा. "हाय मनू!" म्हणतात, ओढणी सावरतात आणि तिचे पाय ओलांडून आत जातात.