भासऱ्यांचं वीतभर विमान

माझ्या भासऱ्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाला, सगळं जग बेंगरूळ वाटायचं. नवा बांधलेला पूल बेंगरूळ, शेजारच्या वकिलांची मोटार बेंगरूळ, मोटारीत बसलेले वकील तर फारच बेंगरूळ. मला पाहायला सगळे माझ्या माहेरी, खाप्याला आले होते. परतताना बसमध्ये यांनी त्यांना विचारलं, "दादा, मुलगी कशी वाटली?" तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोहे बेंगरूळ होते." माझ्याबद्दल वाईट बोलले नाहीत, हाच घरात होकार धरला गेला आणि माझं लग्न ठरलं.

त्यांच्या मते जगात मापात असलेली वस्तू एकच होती. लढाईच्या काळात, ऐन तरुणपणी, त्यांनी सोनेगावच्या विमानतळावर कुंपणाबाहेरून हरिकेन नावाचं लढाऊ विमान पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी पुढचा सगळा जन्म काढला. दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी करायची आणि घरी आलं की तेच विमान लाकडात कोरत बसायचं, वीतभर लांबीचं. एक पुरं झालं की त्यात काहीतरी चुकलेलं दिसे. मग ते चुलीत जाई आणि दुसरं सुरू होई. महाल नावाच्या वस्तीतल्या आमच्या तीन खोल्यांपैकी उजेडाची खोली त्या विमानाने अडवली होती. मोठ्या मुलाने लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं की सासूबाई त्या खोलीकडे बोट दाखवायच्या.

मी शेतकऱ्याच्या घरची. लाकडाचा वखर होतो, पाट होतो, नाहीतर सरपण होतं, एवढं मला ठाऊक. इथे एक थोराड माणूस चष्म्यावर आणखी एक भिंग बांधून सावरीच्या लाकडाचा तुकडा काचकागदाने घासतो, फुंकर मारतो, पुन्हा घासतो. भेगांत लांबीचा लगदा भरतो, तो वाळला की तोही घासतो. आणि इतकं करून नवं कोरं विमान रंगवून झालं की मळवायला घेतो! धुराड्यांच्या मागे दिव्याची काजळी बोटाने फासायची, वैमानिक पंखावर पाय ठेवून चढतो तिथला रंग खरवडायचा. माझे बाबा पोळ्याआधी जुन्या बैलगाडीला रंग द्यायचे, आणि हे महाशय नव्याचं जुनं करत बसलेले. मला हसू आवरत नसे. पदराआड हसायची सोय होती म्हणून निभावलं.

पदर होता, कारण धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. घरात एक मांजर होतं, त्यामुळे दोघांचीही सोय झाली. भासरे जेवताना मांजराला विचारत, "काहून गा, आजच्या भाजीतलं मीठ उद्यासाठी ठेवून देलं का?" मी चुलीकडे तोंड करून तव्याला सांगे, "ज्याले कमी वाटते त्यानं वरून घ्यावं." यावर ते मांजराला म्हणत, "तवा फार बोलते."

लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला सासूबाईंनी विळी, कोयता आणि यांची सायकल यांना हळदकुंकू वाहिलं आणि त्याच हाताने खोलीत जाऊन विमानालाही वाहिलं. लढाईतली वस्तू, म्हणजे शस्त्रच, असा त्यांचा साधा हिशोब. भासरे कचेरीतून आले आणि पंखावरचं कुंकू बघून त्यांचा चेहरा फिरला. "माय, हे दुश्मनावर जाते," ते म्हणाले. "तो काय कुंकू पाहून पाया पडन?" कुंकू रंगात मुरलं होतं. त्या रात्रीचा भात त्या विमानावर शिजला.

वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण ते एक्स-रेच्या फिल्मचं करायचे. धंतोलीतल्या एका दवाखान्याचा कंपाउंडर त्यांना जुन्या फिल्मा आणून द्यायचा. धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात टाकल्या की त्यांच्यावरचा काळा थर सुटून निघे आणि निळसर, स्वच्छ पान हाती येई. ते तापवून लाकडी साच्यावर दाबायचं. लोकांची हाडं, बरगड्या, कोणाचा मोडलेला हात, सगळं आमच्या मोरीतून वाहून जायचं. एका विमानाला तुकडा लागायचा दोन बोटांचा, आणि टेबलाखाली धुतलेल्या फिल्मांचा हा एवढा गठ्ठा.

दुसऱ्या वर्षी मला खोकला लागला. संध्याकाळी बारीक ताप यायचा. यांनी धंतोलीला नेऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, डाग आहे, पण सुरुवातीचा आहे, इंजेक्शनं आणि गोळ्या नेमाने घेतल्या तर पूर्ण बरी होईल. यांनी घरी येऊन तेच सांगितलं. सासूबाईंनी त्यातला 'डाग' एवढाच शब्द ऐकला. त्या संध्याकाळीच माझं ताट वेगळं झालं. "खोट झाकून पोरगी देली," त्या म्हणाल्या. फोटोचा लिफाफा त्यांनी कपाटावर ठेवला आणि रविवारी माझ्या बाबांना बोलावणं धाडलं. लग्न जुळवणाऱ्या मामांनाही बोलावलं. मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ. चारचौघांत फोटो दाखवायचा आणि मला बाबांबरोबर खाप्याला परत पाठवायचं, असं ठरलं. क्षयाची म्हणून परत आलेल्या मुलीला पुन्हा कोणी नेत नाही, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. आमचे हे त्या दिवसांत खांबासारखे उभे असत, आणि खांबाइतकंच बोलत.

रविवारी बाबा आले आणि खाटेच्या कडेवर टोपी मांडीवर घेऊन बसले. मामा खुर्चीवर बसले. दोन वेळा चहा प्यायले. मग न्यायाधीशाच्या तोऱ्यात म्हणाले, "आणा तो फोटो." सासूबाईंनी लिफाफा दिला. मामांनी त्यात हात घातला, मग लिफाफा उलटा करून झटकला. आत काही नव्हतं.

भासरे खोलीतून बाहेर आले. एका हातात बिनपंखाचं विमान, दुसऱ्या हातात काचकागद. "माय, तो मी धुतला," ते म्हणाले.

"धुतला म्हंजे?"

"म्हंजे सोड्यात टाकला. विमानाले झाकण पाहिजे होतं."

"काहून रे मोठ्या? तुले अक्कल आहे का नाही?" सासूबाई ओरडल्या.

मामा उठून उभे राहिले. "अरे, पुरावा होता तो!"

"कोणाले वाचता येत होता?" भासऱ्यांनी विमानाच्या पोटावर फुंकर मारली. "तुम्हाले? सांगा बरं मामाजी, फोटोत हवा काळी दिसते का पांढरी?" मामांनी रिकामा लिफाफा पुन्हा उघडून बघितला. "फुप्फुसं किती असतात ते तरी सांगा. नाही सांगत? आपल्या वावराचा नकाशा वाचाले तलाठी लागते तुम्हाले, अन् दुसऱ्याच्या पोरीचा फोटो वाचाले निघाले. डॉक्टर शिकलेला आहे, तो म्हणते बरी होते. तुमची शाळा कोणती?"

मामांचा तिसरा चहा तसाच राहिला. चपला पायात सरकवत ते बाहेर पडले, सासूबाई त्यांच्या मागे धावल्या, मामा कोपऱ्यापर्यंत "या घराची पायरी चढणार नाही" म्हणत गेले. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात भांडण झालं ते मामांच्या अपमानाचं. त्यांची समजूत काढायला माणसं पाठवली, मधल्या मधे निरोप गेले, भासऱ्यांनी त्या सगळ्या निरोप्यांचाही अपमान केला. या धुमाळीत मला परत पाठवायचा विषय मागे पडला तो पडलाच. बाबा त्या दिवशी एकटेच खाप्याला गेले. जाताना त्यांनी खोलीच्या बंद दाराकडे बघून नमस्कार केला.

संध्याकाळी मी ती खोली झाडायला गेले. टेबलाखाली धुतलेल्या फिल्मांचा गठ्ठा तसाच होता. त्यांतून विमानांची अख्खी पलटण झाकता आली असती. माझी फिल्म त्यात कुठली ते ओळखू येत नव्हतं, सगळ्या सारख्याच निळसर आणि स्वच्छ. मी झाडू धरून तिथेच उभी राहिले. इतका तुसडा, इतका उद्धट माणूस, आणि मला त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. तेवढ्यात दारातून मांजराला उद्देशून आवाज आला, "झाडणं झालं असन तर लोकाईनं उजेड सोडावा."

मग रोजच्या इंजेक्शनांचे महिने आले. भासरे मांजराला रोज विचारायचे, "आज सुई आली का?" कंपाउंडर बोथट झालेली एखादी सुई फेकून देई, ती त्यांना विमानाच्या बंदुकांसाठी हवी असायची. बंदुका केव्हाच लावून झाल्या, तरी विचारणं चालूच होतं. एक दिवस मी कंटाळून गेलेच नाही, तर ते यांच्यावर घसरले, "बंदुका राहिल्या माझ्या. बायकोले दवाखान्यात नेणंही होत नाही तुह्यानं?" दुसऱ्या दिवशी आमचे हे कचेरी बुडवून माझ्याबरोबर आले.

औषधं संपल्यावर नवा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे. सासूबाईंचा विश्वास बसेना. "मोठ्याले दाखव," त्या यांना म्हणाल्या. भासऱ्यांनी फिल्म खिडकीत धरली आणि बराच वेळ बघत राहिले. भिंग काढलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग ती सासूबाईंच्या हातात दिली. "फार काळी आहे. झाकणाच्या कामाची नाही," ते म्हणाले. "नीट ठेव. मामा आले तर दाखव त्याईले. उलटी धरतीन." कितीही काळी फिल्म सोड्यात स्वच्छ होते, हे मी त्या मोरीवर डोळ्यांनी बघितलं होतं.

त्यानंतर भासरे पुष्कळ वर्षं जगले. एवढ्या वर्षांत माझ्याशी थेट एक शब्द बोलले नाहीत. मांजरं बदलत गेली. माझ्या मुलांची नाकंसुद्धा त्यांनी बेंगरूळ ठरवली. आणि ते विमान मला शेवटपर्यंत आवडलं नाही, हेही सांगून टाकते.

ते गेले तेव्हा मी मोठ्याने रडले. जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. एक आतेसासू माझ्याजवळ सरकून म्हणाली, "भासऱ्यासाठी कोणी एवढं रडते का वं?" ज्या घरातून मला काढायला निघाले होते, त्याच घरात, घरची मोठी बाई होऊन, मी रडत बसले होते. भासऱ्यांनी मला एवढं दिलं होतं, आणि त्याबद्दल बोलायची सोय मात्र ठेवली नव्हती.